भाड्याबाहेरचें भाडें

सुटी जवळ आली, म्हणजे एकत्र कुटुंबांत प्रवासाचे बेत सुरू होतात. थोरल्यांना थंड हवा हवी असते, मुलांना समुद्र, आणि माजघरांतील मंडळींना चार दिवस स्वयंपाकघरापासून सुटका. बेत ठरतो, भाऊ-भाऊ आपापली वर्गणी कबूल करतात, आणि हॉटेलांतील खोल्या ठरविण्याचें काम एखाद्या हुशार पुतण्याकडे किंवा धाकट्या सुनेकडे येतें. मोबाइलच्या पडद्यावरील आंकडा सर्वांना पसंत पडतो. परंतु निघतेवेळीं हातीं येणाऱ्या बिलावर भलताच आंकडा असतो. वाढीव रक्कम कोणीं सोसावयाची, हा प्रश्न मग परतीच्या गाडींत निघतो. अधिक देण्याची ज्याची ऐपत नसते, तो भाऊ बहुधा गप्प बसतो, आणि पुढील वर्षीं येण्याचें टाळतो. खोल्या ठरविणाऱ्या सुनेला जें ऐकावें लागतें, तें निराळेंच. एवढ्यासाठीं या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

एक कल्पित हिशेब मांडून पाहूं. अकरा माणसें महाबळेश्वरास तीन रात्री राहणार. खोल्या चार, दर प्रत्येक खोलीस दररोज ३,६०० रुपये. एकूण ४३,२०० रुपये झाले, आणि हाच आंकडा घरांत सांगितला जातो. पण हॉटेलच्या हिशेबानें चार खोल्यांत आठच माणसें धरलेलीं असतात. उरलेल्या तिघांच्या गाद्यांचे, दर रात्रीं प्रत्येकी ९०० प्रमाणें, ८,१०० रुपये. या ५१,३०० रुपयांवर शेंकडा ५ प्रमाणें जी. एस. टी. २,५६५. भाड्यांत न्याहारी धरलेली नाहीं, हें पहिल्या सकाळीं कळतें; माणशीं २५० प्रमाणें तीन सकाळचे ८,२५०, व त्यावर कर ४१२ रुपये ५० पैसे. बेरीज ६२,५२७ रुपये ५० पैसे. येथें कोणीं उघड लबाडी केली असें म्हणतां येणार नाहीं. प्रत्येक आकार कोठें ना कोठें लिहिलेला होता. फक्त जेथें मोठ्या अक्षरांत दर छापला होता, तेथें तो नव्हता.

म्हणून ‘एका रात्रीचा दर काय?’ हा प्रश्न विचारणेंच सोडून द्यावें. आमच्या इतक्या माणसांना, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत, सर्व करांसह एकूण किती द्यावे लागतील, असें विचारावें. दोन हॉटेलांची तुलना करावयाची ती या एकूण रकमेवरून. दराला स्वस्त दिसणारें हॉटेल बेरजेला महाग पडतें, हें पुष्कळदां आढळून येईल.

करासंबंधीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दररोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर शेंकडा ५ कर आहे; त्यापूर्वीं तो १२ होता. ७,५०० च्या वर मात्र शेंकडा १८. यामुळें ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. भाड्यांतील फरक दोनशें रुपयांचा, देण्यांतील फरक १,१९८ रुपयांचा! हंगामांत दर चढले, कीं ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. मर्यादेच्या आंतील खोलीवर कोणी अजूनहि १२ टक्के लावीत असेल, तर बिल दुरुस्त करून मागावें.

जेवणाखाणाच्या बाबतींत हॉटेलवाल्यांची एक सांकेतिक भाषा आहे, ती घरांतील एकानें तरी शिकून घ्यावी. ई. पी. म्हणजे नुसती खोली. सी. पी. म्हणजे खोली व सकाळची न्याहारी. एम. ए. पी. म्हणजे न्याहारी व एक वेळचें जेवण. ए. पी. म्हणजे न्याहारी आणि दोन्ही वेळचीं जेवणें. हीं दोन-तीन अक्षरें दराच्या शेजारीं बारीक टाइपांत असतात. ज्या घरांत एकादशी, चातुर्मास व आजींचें पथ्य पाळलें जातें, त्या घरानें ए. पी. घेण्यांत शहाणपणा नाहीं. न खाल्लेल्या जेवणाचे पैसे परत मिळण्याची आशा सहसा नसते. नाताळ आणि ३१ डिसेंबर या रात्रींची तर गोष्टच वेगळी. गोव्यांतील व थंड हवेच्या ठिकाणच्या कित्येक हॉटेलांत त्या रात्रींच्या मेजवानीचा आकार सक्तीचा असतो, आणि तो खोलीवर नसून माणशीं असतो. आठ वाजतां दूधभात खाऊन निजणाऱ्या आजोबांच्या नांवावरहि तो पडतो. त्या तारखा टाळाव्या, हेंच आमचें मत.

वेळेचा हिशेब असाच फसवा. खोली साधारणपणें दुपारीं बारा किंवा दोनला ताब्यांत मिळते, आणि सकाळीं दहा-अकराला सोडावी लागते. रात्रभर प्रवास करून पहाटे पोंचणाऱ्या कुटुंबापुढें तेव्हां दोनच मार्ग उरतात: वृद्धांना व लहानग्यांना दिवाणखान्यांत ताटकळत ठेवणें, किंवा लवकर खोली उघडण्याचा सांगतील तो आकार देणें. गाडीची वेळ ठाऊक असते. तेव्हां हा प्रश्न घरींच सोडवावा.

मोबाइलवरून खोल्या ठरवितांना शेवटचा पडदा सावकाश वाचावा. तेथें विमा किंवा देणगी आधींच खूण करून ठेवलेली असते, ‘कन्व्हीनियन्स फी’ या नांवाची दस्तुरी असते, आणि ‘आतां एकच खोली शिल्लक’ अशी घाईहि असते. अशा युक्त्यांना मध्यवर्ती सरकारनें ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं काढलेल्या मार्गदर्शक नियमांनीं मनाई केली आहे. त्यांत तेरा प्रकार सांगितले असून, किंमत थेंबाथेंबानें उघड करणें हा त्यांतील एक आहे. हॉटेलच्या भोजनगृहांत ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लावूं नये, असें ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलें आहे. दिल्ली उच्च न्यायालयानें २८ मार्च २०२५ रोजीं त्या सूचना ग्राह्य धरल्या. वाढप्याला खुशीनें द्यावयाचें तें आपण हातानें द्यावें.

परदेशीं मुलाबाळांकडे जाणाऱ्यांसाठीं दोन शब्द. अमेरिकेंत ‘रिसॉर्ट फी’ नांवाचा सक्तीचा आकार मागाहून लावीत. १२ मे २०२५ पासून तो दाखविलेल्या किमतींतच धरावा लागतो, पण सरकारी कर अजूनहि वेगळा येऊं शकतो. दुबईंत हॉटेलच्या दर्जाप्रमाणें दर खोलीस दर रात्रीं ७ ते २० दिरहाम सरकारी आकार असतो, व तो बहुधा तेथें पोंचल्यावर घेतात. आणि कार्ड देतांना ‘रुपयांत घेऊं काय?’ असें विचारलें, तर नाहीं म्हणावें. त्या सोयींत वटणावळ दडलेली असते.

विसार भरण्यापूर्वीं हॉटेलला एक पत्र लिहावें, ई-मेलनें किंवा व्हॉट्सॲपवर; नुसतें फोनवरील बोलणें पुरावा म्हणून लंगडें पडतें. मजकूर असा असावा:

‘आम्ही मोठीं माणसें नऊ व मुलें दोन, वयें ८ आणि ४. शिवाय ड्रायव्हर एक. अमुक तारखेस सकाळीं सहाला पोंचूं. चार खोल्या, तीन रात्री, न्याहारीसह. गाद्या, मुलांचा आकार, लवकर खोली उघडणें, मोटार ठेवणें, ड्रायव्हरची निजण्याची सोय व सर्व कर धरून एकूण रक्कम कृपया कळवावी. बेत रद्द झाल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती पैसे परत मिळतील, तेंहि लिहावें. याव्यतिरिक्त कोणताहि आकार नसल्याचें कळविल्यावर विसार पाठवूं.’

मुलांचीं वयें लिहिण्यास विसरूं नये. कोठें पांच वर्षांखालील मूल फुकट, कोठें आठ. आणि बारा वर्षांवरील मुलाला बहुतेक ठिकाणीं मोठा माणूसच धरतात. उत्तर आलें, म्हणजे तें वर्गणी देणाऱ्या सर्वांना दाखवावें व मगच प्रत्येकाचा वांटा ठरवावा. कबूल केल्याबाहेर कांहीं लावल्यास आधीं मॅनेजरला तें पत्र दाखवावें; तेवढ्यानें भागलें नाहीं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

बिल मात्र निघण्याच्या आदल्या रात्रींच मागवावें. सकाळीं मोटार दाराशीं उभी असते, मुलें केव्हांच आंत जाऊन बसलेलीं असतात, आजींची एक पिशवी सांपडत नसते. अशा घाईंत बिलाच्या ओळी कोणी वाचीत नाहीं, हें हॉटेलवाल्यांना पक्कें ठाऊक असतें.