मुदतीपूर्वीचा राजीनामा

साहित्यव्यवहाराचा नेहमीचा ताळेबंद बाजूस ठेवून आम्ही एका जपानी फुटबॉलपटूविषयी लिहावयास बसलो आहो, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु षष्ट्यब्दी, अमृतमहोत्सव आणि सहस्रचंद्रदर्शन यांच्या सत्कारांत ज्या समाजाच्या निम्म्या सार्वजनिक सायंकाळी खर्ची पडतात, त्याने हिदेतोशी नाकाता या गृहस्थाची कारकीर्द एकवार न्याहाळावी, असे आमचे मत आहे.

यामानाशी प्रांतातील कोफू येथे १९७७ साली जन्मलेला हा मधल्या फळीतला खेळाडू, जपानची व्यावसायिक लीग सुरू होऊन दोनच वर्षे लोटली असता, १९९५ मध्ये हिरात्सुकाच्या संघात रुजू झाला. १९९७ च्या नोव्हेंबरात जोहोर बाहरू येथे इराणला ३-२ असे नमवून जपानने विश्वचषकाचा उंबरठा प्रथमच ओलांडला, त्या रात्रीच्या तिन्ही गोलांच्या मुळाशी त्याचाच पाय होता. आणि पुढल्या वर्षी, जर्सी खपविण्यासाठी आणलेला पाहुणा अशी कुजबुज कानी येत असता, पेरूजाकडून इटलीतल्या पहिल्याच लीग सामन्यात त्याने युव्हेंटससारख्या मातब्बर संघावर दोन गोल चढविले. सामना पेरूजा हरले, ही गोष्ट निराळी.

पण खरा नाकाता आम्हांस दिसतो तो ६ मे २००१ रोजी, ट्यूरिनमध्ये, त्याच युव्हेंटसविरुद्ध. रोमा संघात त्याची जागा फ्रान्चेस्को तोत्तीच्या मागे, म्हणजे बहुधा बाकावर. त्यात युरोपीय संघाबाहेरील खेळाडूंच्या संख्येवर इटलीत निर्बंध, जे या सामन्याच्या अवघे काही दिवस आधी उठले. रोमा दोन गोलांनी पिछाडीवर असता तोत्तीस माघारी बोलावून त्याला धाडण्यात आले. ७९व्या मिनिटास त्याने दुरून हाणलेला चेंडू थेट जाळ्यात शिरला, आणि अखेरीस त्याचाच दुसरा फटका गोलरक्षक व्हान डर सारच्या हातून निसटताच मोन्तेल्लाने बरोबरी साधली. त्या मोसमाचे विजेतेपद रोमाने युव्हेंटसवर दोन गुणांनी मिळविले. तो सामना गमावला असता तर हिशेब उलटून युव्हेंटस एका गुणाने वर राहिले असते. अर्ध्या तासाच्या बदली चाकरीला एवढे मोल आलेले आम्ही क्वचितच पाहिले आहे.

पुढे पार्मासाठी इटालियन चषक, मग बोलोन्या, फिओरेंतिना, बोल्टन. २२ जून २००६ रोजी विश्वचषकात डॉर्टमुंड येथे ब्राझीलने जपानला ४-१ असे धुऊन काढले, तेव्हा सामना संपल्यावर तो मैदानाच्या मध्यवर्तुळात कितीतरी वेळ उताणा पडून राहिला. आणि ३ जुलै रोजी, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, स्वतःच्या संकेतस्थळावर पत्र लिहून त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याचाच समकालीन शुनसुके नाकामुरा २०२२ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळिशीपर्यंत खेळला, आणि त्याच्या डाव्या पायाच्या फ्री-किक पाहिलेला कोणीही त्यास चिवट म्हणून हिणवणार नाही; तथापि ज्याच्यापाशी आणखी काही मोसमांची सनद शिल्लक होती, त्याने ती आपण होऊन परत करावी, याचे अप्रूप आम्हांस अधिक.

त्यास कोणी संन्यास म्हणेल, तर ते मात्र आम्हांस मान्य नाही. देशोदेशी भटकून झाल्यावर २००९ पासून त्याने जपानचे ४७ही प्रांत पालथे घातले, शेतकरी, कुंभार आणि साके हे तांदळाचे मद्य बनविणारे कारागीर यांची दारे ठोठावली, त्यांचे काम जवळून पाहिले आणि अखेर साकेच्या धंद्यातच उतरला. फुटबॉल संघाचा प्रशिक्षक तेवढा झाला नाही.