मिसळणाचा डबा भाड्याने

कोठीच्या खोलीत वर्षाची हळद, मोहरी, तिखट भरलेले असले, तरी फोडणीच्या वेळी तिकडे कोणी धावत नाही. रोज लागते तेवढे मिसळणाच्या डब्यात काढलेले असते. संगणकाच्या जगातल्या अशा डब्याला ‘कॅश’ म्हणतात. ही कॅश म्हणजे रोकड नव्हे. लपवून ठेवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द आला. माहितीच्या मूळ साठ्यात दरवेळी शोधाशोध करण्यापेक्षा पुन्हापुन्हा विचारली जाणारी उत्तरे वेगवान मेमरीत हाताशी ठेवायची, एवढेच तिचे काम. ‘लाइव्हजर्नल’ या संकेतस्थळाचा भार हलका करण्यासाठी ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ साली ‘मेमकॅश्ड’ लिहिले, ते याच गरजेपोटी.

आता हा डबा भाड्याने मिळतो. अॅमेझॉनने २०११ मध्ये ‘इलॅस्टिकॅश’ सुरू केली, तेव्हा डबा केवढा हवा हे आधी ठरवावे लागे. लहान घेतला तर गर्दीच्या दिवशी अपुरा; मोठा घेतला तर एरवी रिकाम्या डब्याचे भाडे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिची ‘सर्व्हरलेस’ आवृत्ती आली. नाव फसवे आहे. सर्व्हर असतातच, त्यांची उस्तवार दुसरा कोणी करतो. मागणीप्रमाणे डबा लहानमोठा होतो आणि साठवण व वापर यांनुसार बिल येते. चार माणसांच्या उद्योगाला ही सोय मोठीच आहे. मात्र सदोष प्रोग्राम तेच ते विचारत राहिला, तर डब्याबरोबर बिलही निमूटपणे फुगते. वापराची कमाल मर्यादा घालता येते. ती पहिल्याच दिवशी घालावी.

खरा प्रश्न पुढेच आहे. कॅशमधले उत्तर ही प्रत असते आणि प्रत शिळी होते. बातमीचा मथळा मिनिटभर जुना दिसला, तर कोणाचे बिघडत नाही. पण ‘जागा उपलब्ध’ पाहून चौघांच्या तिकिटाचे पैसे भरावेत आणि हाती प्रतीक्षा यादी यावी, तिथे तेच मिनिट महागात पडते. रक्तपेढीत हव्या त्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत, याचे उत्तर शिळे निघाले, तर गाठ जिवाशी असते. कोणते उत्तर किती वेळ खरे मानायचे, ही मुदत प्रोग्राम लिहिणाराच ठरवतो. डबा भाड्याने देणारी कंपनी ती जबाबदारी घेत नाही. म्हणूनच पैसा, तिकीट आणि औषधपाणी यांचा व्यवहार पक्का होताना उत्तर मूळ साठ्यातूनच आणावे. त्यासाठी क्षणभर थांबायला कोणाचीही हरकत नसते.