आंतड्याचें दार

‘अमुक पदार्थांत अमुक गुण आहे, म्हणून तो खा,’ असा उपदेश जाहिराती हल्लीं उठल्यासुटल्या करितात. ह्यांत मधली एक पायरी गाळलेली असते, ती आंतड्याची. समुद्रकाकडीचेंच पाहा. ही काकडी नव्हे. समुद्रतळाशीं सरपटणारा, तारामाशाचा आप्त असा हा प्राणी आहे. चिनी लोक तिला ‘समुद्रांतील जिनसेंग’ म्हणतात व वाळवून बलवर्धक म्हणून मोठ्या किंमतीस घेतात. तिच्या भुकटीच्या गोळ्याही विकल्या जातात.

तिच्या अंगांत गंधकाम्लाचे अंश असलेलें एक जटिल कर्बोदक असतें. परीक्षानळींत तें रक्त गोठूं देत नाहीं, ह्याविषयीं वाद नाहीं. परंतु परीक्षानळीस आंतडें नसतें!

भाकरींतील पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची माळ. लाळ व स्वादुपिंडाचा रस ती तोडतात, उरलेले तुकडे आंतड्याच्या भिंतीवर सुटतात, आणि सुटा मणीच आंत जातो. (पेजेंत लाळ मिसळून कांहीं वेळानें आयोडीन टाकल्यास निळा रंग उमटत नाहीं, हें मुलांनीं प्रयोगशाळेंत पाहिलें असेलच.) समुद्रकाकडीची माळ तोडणारा रस मनुष्याच्या लहान आंतड्यांत नाहीं, म्हणून तिचा बहुतेक भाग पुढें मोठ्या आंतड्यांतील सूक्ष्म जंतूंच्या वाट्यास जातो. हेपॅरिन हें अशाच जातीचें द्रव्य १९१६ सालीं सांपडलें. तें अद्यापि सुईनेंच टोंचावें लागतें.

तथापि एकांगी लिहिणें आम्हांस शोभणार नाहीं. २००६ सालीं ब्राझीलमधील संशोधकांनीं हें कर्बोदक उंदरांस तोंडावाटें दिलें, तेव्हां रक्ताच्या गुठळ्या होण्यास अटकाव झालेला दिसला. म्हणजे कांहीं अंश आंत शिरत असावा. पण शुद्ध करून, मोजून दिलेली मात्रा आणि दुकानांतील गोळी ह्या एक नव्हेत. शिवाय तो अंश खरोखरच शिरत असेल, तर तें अन्न न राहतां औषध झालें. आणि रक्त पातळ करण्याचें औषध आधींच घेणाऱ्या आजोबांस तें डॉक्टरांस न विचारतां देणें आम्ही धोक्याचें समजतों. शिरत नसेल, तर पालकांचे पैसे फुकट. विकणाऱ्यानें आपली बाजू कोणती, हें आधीं सांगावें.

वाळू गिळून तींतील कुजकें तेवढें पचवावें व स्वच्छ वाळू मागें टाकावी, अशी समुद्राची झाडलोट देवानें ह्या मुक्या प्राण्याकडे सोंपविली आहे. २००१ सालापासून भारतांत तिला पकडणें गुन्हा आहे. त्यानंतरही मन्नारच्या आखातालगत व लक्षद्वीपांत तिचा चोरटा माल वारंवार जप्त झाला आहे.