दुखणं गुडघ्याचं की गाडीचं?

बालमित्रांनो, आज एका जुन्या गाडीची गोष्ट. गाडी माझ्या वडिलांची, म्हणजे आप्पांची. पांढरी मारुती ८००, धुळ्याच्या घरासमोर कडुलिंबाखाली उभी असते. ही छोटी गाडी १९८३ च्या डिसेंबरात आपल्या देशात आली आणि २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तुमच्यापैकी कुणाच्या तरी काकांकडे, मामांकडे ती अजून असेलच.

आप्पांचं वय ७१. महिन्यातून एका रविवारी ते नातीला भेटायला जळगावला आमच्याकडे येतात. मुकटी, पारोळा, एरंडोल, मग गिरणेचा पूल. साधारण नव्वद किलोमीटर. पण मागच्या वर्षी त्यांचं येणं हळूहळू बंदच झालं. फोनवर म्हणाले, "डाव्या पायाने क्लच दाबता येत नाही. गुडघा गेला. आते नई व्हत, बेटा." आईने गुडघ्याच्या गोळ्या सुरू केल्या, भावाने गाडीला गिऱ्हाईक शोधलं. अमळनेरचा एक माणूस गाडी पाहूनसुद्धा गेला! आणि आप्पा कुणाशी फारसं बोलेनासे झाले.

मलाही ते खरंच वाटलं होतं बरं का. वय झालं की पाय थकतो, त्यात काय शोधायचं?

त्याच आठवड्यात वर्गात घर्षण शिकवत होते. उदाहरण म्हणून आप्पांचं पॅडल सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याच्या वडिलांचं सायकलचं दुकान आहे. तो म्हणाला, "बाई, पाय उचलल्यावर पॅडल वर कसं येतं? झटकन की हळू?"

आता हा प्रश्न केवढा मोठा आहे ते समजायला आधी क्लच म्हणजे काय ते पाहू. दोन ताटांच्या मध्ये भाकरी घट्ट दाबून धरली आणि एक ताट फिरवलं, तर भाकरीही फिरेल ना? गाडीत तसंच आहे. इंजिनाबरोबर फिरणारं एक जड चाक, त्याच्यावर दाबणारी एक तबकडी आणि दोघांच्या मध्ये क्लच प्लेट. ही दाब देणारी स्प्रिंग फार ताकदीची असते. आपण पॅडल दाबतो तेव्हा हा दाब दूर होतो, प्लेट सुटी होते आणि मग गिअर बदलता येतो. पॅडल हा तरफेचा लांब दांडा, म्हणून एवढी स्प्रिंग आपल्या पायाला ऐकते.

पॅडलपासून गिअरबॉक्सपर्यंत मारुती ८०० मध्ये जाते ती वायर. थेट तुमच्या सायकलच्या ब्रेकसारखी! बाहेर नळी, आत बारीक तारांचा पीळ. बाउडेन नावाच्या संशोधकाने १८९६ मध्ये अशा वायरचं पेटंट घेतलं होतं.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे या. क्लच प्लेट झिजली तरी पॅडल जड होतं. पण तेव्हा जोर स्प्रिंगचा असतो आणि पाय उचलला की स्प्रिंग पॅडलला झटकन वर फेकते. घर्षणाचं तसं नाही. घर्षण जातानाही अडवतं आणि येतानाही. आणि गुडघा? पॅडल वर येताना गुडघ्याचं काही कामच नसतं!

मी मधल्या सुट्टीतच आप्पांना फोन लावला. ते बाहेर जाऊन, पॅडल दाबून-सोडून आले. "वर येतं गं, पण आळसावल्यासारखं. शेवटी तर चिकटल्यासारखं थांबतं."

म्हणजे काहीतरी अडकत होतं. पण कुठे? शनिवारी धुळ्याला गेले आणि आप्पांना घेऊन पारोळा रोडवरच्या एका मिस्तरींकडे गेलो. त्यांनी लगेच काहीच बदललं नाही. हे मला आवडलं. इंजिन बंद. आधी गिअरबॉक्सकडचं वायरचं टोक सोडवलं आणि आप्पांना म्हणाले, "दाबा." पॅडल तरीही जड! म्हणजे क्लच प्लेट, स्प्रिंग, गिअरबॉक्सकडचा दांडा हे सगळे सुटले. उरले दोनच संशयित, पॅडल आणि वायर. मग पॅडलकडचं टोकही सोडवलं. पॅडल झोक्यासारखं हलू लागलं. चोर सापडला!

वायर ओढून बाहेर काढली तर इंजिनाजवळच्या वळणावर नळीचं आवरण उष्णतेने कडक होऊन फुटलेलं. आपल्याकडची धूळ आत जाऊन बसलेली, ग्रीस वाळून खरपुडी झालेली. आणि आतल्या पिळातल्या बऱ्याचशा तारा तुटून ब्रशसारख्या फुललेल्या. मी विचारलं, "तेल सोडून चालेल का?" मिस्तरी म्हणाले, "तारा तुटल्यावर तेल काय करणार, ताई? ही उद्या गिरणेच्या पुलावरच तुटली असती." पूल, मागून येणारे ट्रक आणि गिअर सुटत नाही... माझ्या पोटात गोळाच आला.

नवी वायर बसली. तिची किंमत आप्पांच्या महिन्याच्या गोळ्यांपेक्षा कमी निघाली, हे आईने मुद्दाम दोनदा ऐकवलं.

गाडीखाली शिरणं हे तुमचं काम नव्हे हं. पण सायकलचा ब्रेक दाबून अलगद सोडून पाहा. लिव्हर टुणकन परत येते की रेंगाळते? रेंगाळत असेल तर मोठ्या माणसाला सोबत घेऊन वायरचं ब्रेककडचं टोक सोडवा आणि मिस्तरींसारखा चोर शोधा. काय सापडलं ते मला पत्राने कळवा.

अमळनेरच्या गिऱ्हाइकाला भावाने नाही म्हणून सांगितलं. पुढच्या रविवारी दुपारी बारा वाजता आमच्या दारात हॉर्न वाजला. डिकीत भरताची वांगी होती. उतरताना आप्पा गुडघा धरूनच उतरले. जिना चढताना तो अजून दुखतोच.