प्रयोगशाळेपासून औषधांच्या डब्यापर्यंत

गेल्या पंधरवड्यात एक सूनबाई सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात आल्या. “डॉक्टर, पुण्याच्या शास्त्रज्ञांनी मधुमेहावर जस्ताचे अतिसूक्ष्म कण शोधले आहेत म्हणे. बाबांनी दहा दिवसांपासून गोळ्या बंद केल्यात. ते कण कुठे मिळतील?” साखर तपासली, ती 340 निघाली.

बातमी खोटी नव्हती. ती अर्धीच वाचली गेली होती. 1946 मध्ये ‘महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी’ या नावाने सुरू झालेल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नॅनो-जैवविज्ञानाचे मोलाचे संशोधन झाले आहे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. पदार्थ इतका सूक्ष्म झाला की त्याचे गुणधर्म पालटतात. डॉ. किशोर पाकणीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये चांदीच्या 7 ते 20 नॅनोमीटर कणांचे जंतुनाशक जेल प्रसिद्धीस आणले. भाजलेल्या जखमांवर लावल्या जाणाऱ्या प्रचलित चांदीयुक्त मलमाच्या तुलनेत 30 पटीने कमी चांदी असूनही त्याची जंतुनाशक शक्ती प्रयोगशाळेत तेवढीच आढळली. 2014 मध्ये याच संस्थेतून जस्त-ऑक्साइडच्या कणांनी मधुमेही उंदरांची साखर उतरल्याचे प्रसिद्ध झाले.

उंदरांची, हे लक्षात घ्यावे. उंदरापासून आजोबांपर्यंतचा रस्ता लांब आहे. योग्य मात्रा किती, वृद्ध मूत्रपिंडाला ती सोसेल का, रक्तदाबाच्या गोळ्यांशी तिचे जमेल का, याची उत्तरे माणसांवरील टप्प्याटप्प्याच्या चाचण्यांतूनच मिळतात. संशोधक हे जाणून असतात; घाई होते ती आपल्याला.

या घाईचा लाभ उठवणारेही असतात. ‘नॅनो चांदीचे पाणी’ पिण्यासाठी विकले जाते. त्याचा आरोग्याला लाभ सिद्ध झालेला नाही. उलट दीर्घकाळ पोटात गेलेली चांदी त्वचेत साचून ती कायमची निळसर-राखाडी होऊ शकते. जखमेवर लावायचे औषध वेगळे, पोटात घ्यायचे वेगळे.

म्हणून संशोधनाची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत. प्रयोग कोणावर झाला: जंतूंवर, प्राण्यांवर की माणसांवर? औषधाला सरकारी मान्यता आहे का? आणि आपल्या रुग्णाच्या वयाला व आजारांना ते चालेल का? तिसऱ्या प्रश्नासाठी कात्रण किंवा मोबाइलवरचा संदेश घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे. तोपर्यंत चालू गोळी थांबवू नये.

आजोबांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. आठवड्याने साखर 190 वर आली. जाताना ते म्हणाले, “म्हणजे त्या शास्त्रज्ञांचे काम वाया गेले का?” मुळीच नाही. संशोधकांना शाल-श्रीफळ अवश्य मिळावे. परंतु त्यांनी जेवढे सिद्ध केले तेवढेच मानणे आणि पुढच्या टप्प्याची धीराने वाट पाहणे, हा सन्मान तर आपण घरबसल्या करू शकतो.