पाच फुटांचा एक चौकोन

मराठीच्या प्राध्यापकाला कोणी ‘प्रशस्त म्हणजे किती?’ असे विचारू नये. आम्ही ‘प्रशस्त चौक’ म्हटले की चौक प्रशस्त असतो, आणि मुलांनी तो निमूटपणे वहीत उतरून घ्यायचा असतो. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या कन्येने मला नेमके तेच विचारले, आणि वर म्हणाली, “बाबा, चौकोनांत सांगा.”

प्रकरण तिच्या खेळाचे होते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रे व्हायचे आणि वार लागला की हुकला ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचे. कीर्तनात श्रोत्यांनी मध्येच उठून रावणाशी लढायला लागावे, तसे! लढाई जुंपली की आखलेल्या नकाशावर सोंगट्या मांडायच्या. एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट, हा त्यातला रूढ हिशेब. मूळ बैठक टेबलाभोवतीची; पण हिचे सवंगडी एक नाशिकला, एक बंगळुरूला, एक न्यू जर्सीत. तेव्हा टेबलही संगणकाच्या पडद्यावर आणि नकाशाही तिथेच.

या खेपेस गोष्ट हिने सांगायची होती, आणि लढाईसाठी तिला परदेशी गढी नको होती. वाईचा आमचा वाडा हवा होता. तो १९९६ सालीच पडला. तिने तो पाहिलेला नाही. तिच्याजवळच्या तयार चित्रांत दारूची पिंपे आणि दगडी बुरूज ढिगाने होते, तुळशीवृंदावन एकही नव्हते. ते तिने स्वतः काढले. ओसरी, माजघर, देवघर मी सांगत गेलो. गेली वीस वर्षे वर्गात या वाड्याची वर्णने करून मी टाळ्या घेतल्या आहेत. पण जिना चौकोनाच्या डाव्या कडेला की उजव्या, हे सांगताना मला दिवाणखान्यात उभे राहून पावले टाकून पाहावी लागली.

चित्र पुरे झाले म्हणजे नकाशा झाला, असे मला वाटले होते. तसे नसते. चित्रातली भिंत हा नुसता रंग. ती भिंत आहे हे संगणकाला ठाऊकच नसते. म्हणून प्रत्येक भिंतीवरून पुन्हा एक रेघ ओढावी लागते. मग ज्याची सोंगटी जिथे उभी असेल, तिथून दिसेल तेवढेच त्याला दिसते, बाकी काळोख. एक रेघ राहिली, की ओसरीवरचा माणूस थेट देवघरात डोकावतो. शिवाय ‘फाउंड्री’ नावाच्या ज्या प्रणालीवर ही मंडळी खेळतात, तिथे प्रत्येक रेघेविषयी ठरवावे लागते, की ती चालणे अडवते का, नजर अडवते का, आवाज अडवते का.

चौकाच्या मधोमध एक भिंत होती. वडील आणि आबाकाका यांच्या वाटणीनंतर घातलेली, पुरुषाच्या छातीएवढी.

“ही काय काय अडवते?” मुलीने विचारले.

“चालणे.”

“नजर?”

“नाही.”

“आवाज?”

“छे!”

आई त्या भिंतीवर भाजीची वाटी ठेवी आणि काकू ती उचलून नेई. दोघी एकमेकींकडे पाहत नसत. याला काही रकाना आहे का, ते मी विचारले नाही.

“आणि दार?”

मला आठवेना. पण काकूच्या ओट्यावर बसून मी थालीपीठ खाल्ले आहे, हे पक्के. सहा वर्षांचे पोर छातीएवढी भिंत ओलांडून कसे जाईल?

हे सांगू शकेल असा माणूस एकच उरला होता, आणि त्याच्याशी आमचे बोलणे नव्हते. वाड्याची जागा विकली तेव्हापासून दोन घरांत अबोलाच. वडील गेले तेव्हा आबाकाका साताऱ्याहून आले, बसले, आणि पाणीही न घेता परत गेले. मी दोन दिवस टाळले. तिसऱ्या दिवशी फोन लावला.

“आबाकाका, चौकातल्या भिंतीला दार होते का हो?”

बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग म्हणाले, “दार नव्हते. आडापाशी दोन हात जागा मोकळी सोडली होती. तुझ्या बापानेच गवंड्याला सांगितले, पोरांना जाता येऊ दे म्हणून.” थोडे थांबले. “मी तिथे कडबा रचून ठेवला होता. चार दिवसांनी काढला.”

कशाला हवे आहे, असे त्यांनी विचारले. खेळ त्यांना समजला नाही; मलाही तो धड सांगता आला नाही. पण पाच फुटांचा चौकोन म्हणताच ते म्हणाले, “चौक बत्तीस फूट. वाटणीच्या वेळी मी धरून मोजलाय.”

मी तो आकडा मोठ्याने उच्चारला. मुलीने पडद्यावर चौकोन मोजले.

“तीन आपल्याकडे, तीन त्यांच्याकडे. वरचे दोन फूट कुणाच्या बाजूला घालू?”

मी फोन तिच्या हातात दिला.