लक्ष्यवेधाचें गणित

एका वाचकभगिनींनीं आपल्या पुतण्याचा गुणतक्ता पाठवून विचारलें आहे, "आमचा मुलगा ऑस्ट्रेलियांत पिस्तुलाच्या नेमबाजीच्या स्पर्धेंत उतरला. एका फेरींत त्याच्या चोवीसही गोळ्या लक्ष्याच्या मध्यभागीं लागल्या. ज्याच्या सहा गोळ्या बाजूला गेल्या तो मात्र त्या फेरींत पहिला! हा कुठला न्याय?" प्रश्नामागील ममता आम्ही जाणतों, परंतु निवाडा करण्यापूर्वीं कायदा वाचावा लागतो.

द्रोणाचार्यांनीं शिष्यांस वृक्षावरील पक्ष्याचा नेम धरावयास सांगितलें, तेव्हां शेजारीं घटिकापात्र मांडलें नव्हतें. ती परीक्षा केवळ एकाग्रतेची होती. ऑलिंपिकांतील रायफलीची नेमबाजीही बव्हंशीं त्याच कुळांतली. तेथें वेळेची मर्यादा असते, पण लवकर संपविल्याबद्दल अधिक गुण मिळत नाहींत. आपल्या मुलाची स्पर्धा ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ या निराळ्या जातीची आहे. तिची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ सालीं अमेरिकेंतील मिसूरी राज्यांत, कोलंबिया येथें स्थापन झाली. जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष. तिचें ब्रीद तीन लॅटिन शब्दांचें आहे. त्यांचा भाव संस्कृतांत आणावयाचा तर अवधान, बल आणि वेग असा आणतां येईल. गुण देण्याची सारी रीत या तीन शब्दांवर उभी आहे.

प्रथम अवधान. पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर ए, सी आणि डी असे विभाग असतात. मधल्या ‘ए’चे ५ गुण. साध्या शक्तीच्या काडतुसास ‘सी’चे ३ व ‘डी’चा १, जोरकस काडतुसास अनुक्रमें ४ व २. हें बल मोजण्यासाठीं गोळीचें ग्रेनमधील वजन आणि दर सेकंदाचा फुटांतील वेग यांचा गुणाकार करून त्यास हजारानें भागतात. १२४ ग्रेनची गोळी १०५० फूट वेगानें सुटली, तर भागाकार १३० येतो. पिस्तुलासाठीं किमान १२५ लागतो. जोरकस वर्गाची पायरी याहून बरीच वर आहे. मौज अशी कीं, मध्यभागीं लागलेल्या गोळीस दोन्ही वर्गांत पांचच गुण. बलाचा उपयोग नेम ढळल्यावरच होतो!

लक्ष्य चुकल्यास १० गुण वजा. जें लक्ष्य निरपराध मानलेलें असतें, त्यास गोळी लागली तरीही १० वजा.

आतां वेग. इशारा वाजल्यापासून शेवटच्या गोळीपर्यंतचे सेकंद यंत्र मोजतें. मिळालेल्या गुणांस त्या सेकंदांनीं भागावयाचें. येणाऱ्या भागाकारास ‘हिट फॅक्टर’ म्हणतात. आपल्या मुलाचे २४ गोळ्यांचे १२० गुण, वेळ २४ सेकंद, भागाकार ५. प्रतिस्पर्ध्याच्या १८ गोळ्या ‘ए’त, ६ ‘सी’त, दोघांचीं काडतुसें साधींच, म्हणून त्याचे ९० अधिक १८, एकूण १०८ गुण. वेळ १८ सेकंद, भागाकार ६. फेरींतील सर्वांत मोठ्या भागाकारास पूर्ण गुण, म्हणजे येथें १२०, आणि इतरांस त्या प्रमाणांत. म्हणून मुलाच्या वांट्यास १०० आले. तो दुसरा गृहस्थ त्या दिवशीं घरीं राहिला असता व आणखी कोणी पुढें नसता, तर याच गोळ्यांना १२० मिळाले असते.

खरी मेख यापुढें आहे. भागाकार ६ असतां एक सेकंद सहा गुणांच्या मोलाचा होतो. ‘सी’ऐवजीं ‘ए’ साधल्यानें दोन गुण वाढतात. तेवढ्यासाठीं सेकंदाच्या एक तृतीयांशाहून अधिक थांबणें तोट्याचें. मुलानें प्रतिस्पर्ध्याहून १२ गुण अधिक मिळविले, पण त्यांसाठीं ६ सेकंद, म्हणजे ३६ गुणांची किंमत मोजली. उलट, अवघड फेरींत भागाकार ३ वर आला, तर त्याच दोन गुणांसाठीं दोन तृतीयांश सेकंद थांबणें परवडतें. केव्हां घाई करावी आणि केव्हां थांबावें हें ज्यास समजलें, तो या विद्येंत पुढें जातो.

यावरून घाईचाच जयजयकार होतो असें मात्र समजूं नये. प्रतिस्पर्ध्याची ‘ए’तील एक गोळी चुकली असती, तर पांच गुण बुडून दहा वजा, म्हणजे पंधरांचा फटका बसला असता, तरीही ९३ भागिले १८ म्हणजे ५.१७ घेऊन तो निसटता पुढें राहिला असता. दोन चुकल्या असत्या तर ७८ भागिले १८, म्हणजे ४.३३, आणि आपला मुलगा पहिला आला असता.

एक गोष्ट मात्र या त्रैराशिकांत कोठेंच बसविलेली नाहीं. पिस्तुलाचें तोंड ठरलेल्या मर्यादेबाहेर वळलें, किंवा भरलेलें पिस्तूल हातून पडलें, तर गुण वजा होत नाहींत. स्पर्धकास स्पर्धेंतूनच बाहेर काढतात. वेगाचें मोल गुणांत करतां येतें, शेजारीं उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाचें करीत नाहींत. आम्हां शिक्षकांस या पद्धतींतील हेंच कलम सर्वांत शहाणपणाचें वाटतें.

तेव्हां, भगिनी, अन्याय झालेला नाहीं. आपल्या पुतण्याचा हात स्थिर आहे, आणि तो कमावण्यास वर्षें लागतात. पुढच्या पत्रांत त्यास शाबासकी द्यावी, आणि सहा सेकंद कोठें गेले तें त्याचें त्यालाच शोधूं द्यावें.